वन्स मोरवर बंदी

गोंदियाला कशाला गेली होतीस, असं कोणी विचारलं की मी ‘ऑफिसच्या कामाला’ म्हणते आणि विषय बदलते. खरं उत्तर लांब आहे आणि मला लांब बोलता येत नाही. लिहिता येतं, म्हणून लिहिते.

पुण्यातली आमची संस्था आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मराठी कविता सादरीकरणाची स्पर्धा घेते. मुलं कविता पाठ करून येतात आणि मंचावर म्हणतात. जिल्ह्यातून पहिला येणारा एकच विद्यार्थी नागपूरच्या अंतिम फेरीला जातो. मी ऑफिसात नियमावली टाइप करते आणि प्रमाणपत्रांवरची नावं तपासते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे ऑफिसात मोठ्यानं मराठी वाचायची वेळ आली की मला नेमका खोकला येतो. गोंदियाला वेळाधिकारी म्हणून जाणाऱ्या सहकाऱ्याचं ऐन वेळी लग्न ठरलं. आमच्या मुख्य मॅडम म्हणाल्या, “तू जा. घड्याळ बघायचं आणि घंटी वाजवायची. बोलायचं काही नसतं.” बोलायचं काही नसतं हे ऐकल्यावर मी लगेच हो म्हटलं.

फुलचूर

गाडीत मी मराठी आकडे घोकत होते. एकोणसाठ म्हणजे नक्की किती, हे मला अजूनही थांबून आठवावं लागतं, आणि वेळाधिकाऱ्याला असं थांबून चालत नाही. शिवाय स्टेशनवर बोलायची चार मराठी वाक्यंही तयार ठेवली होती. गोंदियात उतरले तर रिक्षावाल्यानं विचारलं, “कहाँ जाना है दीदी?” मी तयार केलेलं वाक्य वाया जाऊ नये म्हणून मराठीतच उत्तर दिलं. तो हिंदीत बोलत राहिला, मी मराठीत. असे आम्ही आपापल्या भाषेत गोंदियाला लागूनच्या फुलचूरपर्यंत गेलो. पुण्यात अशा वेळी कोणीतरी कोणाला तरी सुधारतं. इथे तशी गरज कोणालाच वाटली नाही.

फुलचूरला चौबे सरांकडे माझी राहायची सोय होती. सर स्पर्धेचे परीक्षक. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं, पण घरात बोलणं सगळं हिंदीत. फक्त कविता म्हणताना आणि हिशेब करताना ते मराठीत येतात. त्यांच्या पत्नीनं पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर घालून फोटो काढतात. इथे पोहे दिसेनासे होईपर्यंत रस्सा घालतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि काकूंना वाटलं मला घरची आठवण आली. मी ते तसंच राहू दिलं.

खाता खाता सरांनी मला सावध केलं. “बेटा, जिथे आपण जातोय ना, वहाँ की पब्लिक बहुत खतरनाक है.”

मला वाटलं, मारामारी वगैरे करतात. तसं काही नव्हतं. झाडीपट्टीच्या या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि मंडईला रात्रभर नाटक असतं. नाटकातलं एखादं गाणं, एखादा संवाद आवडला की लोक ‘वन्स मोर’ म्हणून ओरडतात आणि नटानं तो तुकडा पहिल्यापासून पुन्हा करायचा असतो. न करणं म्हणजे पब्लिकचा अपमान. हा कायदा त्या गावानं कवितेलाही लावून टाकला होता.

गेल्या वर्षीही स्पर्धा याच गावात झाली होती. बाकीच्या शाळांत श्रोते म्हणून वर्गावर्गांतून मुलं पकडून आणावी लागतात. इथे अख्खं गाव आपण होऊन येतं, म्हणून जिल्हा समितीला हे गाव आवडतं. गावातलीच मृणाली लांजेवार नावाची नववीतली मुलगी उभी राहिली. कविता मोठी होती, पोरगी विलक्षण होती आणि पब्लिकनं तीन वन्स मोर दिले. तिनं तिन्ही घेतले. वेळ संपल्याची घंटी वाजली, तर लोक आणखी नीट मांडी घालून बसले, कारण नाटकात घंटी वाजली की खेळ सुरू होतो. मृणाली स्पर्धेतून बाद झाली. परीक्षकांच्या कागदावर ती पहिली होती आणि निकालात कुठेच नव्हती.

“और अब दसवी में है,” सर म्हणाले. “पुढच्या वर्षी उभी राहू शकणार नाही.”

नियमावलीतलं ते बाद करण्याचं कलम मीच टाइप केलेलं होतं. मी पोहे संपवले.

सडक अर्जुनीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या गाडीतून निघालो. धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, नुसते खुंट उरले होते आणि जागोजागी धानाचे गोल पुंजणे रचून ठेवलेले होते, झोपड्यांसारखे. दर थोड्या वेळानं झाडांच्या मागे पाणी चमकायचं. सर स्टिअरिंगवरून हात काढून दाखवायचे, “ये भी तालाब, ये भी.” कोहळी लोकांच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव आणि बोड्या खोदल्या, त्यावर हा सगळा भात पिकतो. बोडी म्हणजे लहान तलाव. मला पुण्यात तलाव म्हटलं की भोवतीची जॉगिंगची वाट आठवते. इथल्या तलावाभोवती फिरायला कोणी येत नाही, सगळे कामालाच येतात.

हायवेवर ट्रकांच्या रांगेत एका ढाब्यावर थांबलो आणि आलूबोंडा खाल्ला. तो बटाटेवडाच आहे असं मी मनात म्हटलं, मोठ्यानं म्हटलं नाही. तिथे पैसे द्यायला पिशवीत हात घातला तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्पर्धेची घंटी पिशवीत नाही. पितळेची, लाकडी मुठीची, संस्थेचं नाव कोरलेली घंटी फुलचूरला चौबे सरांच्या टीव्हीवर राहिली होती. संपूर्ण प्रवासात माझ्याकडे दोनच गोष्टींची जबाबदारी होती, त्यातलं घड्याळ तेवढं मनगटावर होतं. सरांना सांगावं की नको, याचा विचार करेपर्यंत आम्ही सडक अर्जुनी मागे टाकून सौंदडच्या बाजूला वळलो होतो. मग सांगण्यात अर्थ नव्हता.

सरपंचबाईंचं घर

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सरपंचबाईंना फोन येतील आणि त्या मला फोन करतील.

प्रेमिलाबाई डोंगरवार, सरपंच. उंच, सावळ्या, आवाज असा की अंगणातून हाक मारली तर शेजारच्या घरातलं भांडी घासणं थांबतं. चौबे सर शाळेच्या हेडमास्तरांकडे उतरले, मला सरपंचबाईंनी आपल्या घरी नेलं. चुलीपुढे बसवलं आणि माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “बोलत काऊन नाई वो मॅडम? तब्येत बरी नाई का?”

मी म्हटलं, बरी आहे, मी कमीच बोलते.

“बरं हाये. आमच्या गावात कमी बोलनारं मानूसच नाई. पाहून राहतील तुमाले लोक.”

खरोखरच पाहायला दोन बायका येऊन बसल्या. जेवायला बोडीतले मासे, वांग्याची भाजी आणि लाखोरीची डाळ होती. आमच्याकडे पोळ्या झाल्यावर शेवटी घासभर भात घेतात. इथे भातावर भात आणि तो संपल्यावर भात. पण पुण्याची पोरगी भातावर कशी राहील म्हणून सरपंचबाईंनी खास माझ्यासाठी पोळ्या केल्या होत्या. त्यांना पोळ्यांची सवय नव्हती, पोळ्यांनाही त्यांची सवय नव्हती. मी पाच खाल्ल्या, कारण थांबते म्हणायला बोलावं लागलं असतं.

जेवणानंतर सरपंचबाईंनी आवाज उतरवून, म्हणजे साधारण तुमच्याआमच्या नेहमीच्या आवाजात, मला एक गुपित सांगितलं. गेल्या वर्षी मृणाली गावामुळेच बाद झाली, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. या वर्षी त्यांनी ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलावून शपथ घ्यायला लावली होती. स्पर्धेत कोणी वन्स मोर म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याला पुढच्या मंडईच्या नाटकाला मंडपाच्या खांबामागं बसवलं जाईल आणि त्याचं नाव पडदा उघडायच्या आधी माइकवरून सांगितलं जाईल.

“टाळ्याही बंद केल्या मी,” त्या म्हणाल्या. “टाळी वाजली का तोंड उघडते.”

मी विचारलं, हे मृणालीला माहीत आहे का?

“तिले कायले सांगायचं? तिनं आपली कविता म्हणावं. चूप बसनं आमचं काम.”

आणि शाळेत? तर शाळेत सांगायचा प्रश्नच नव्हता. मराठी शिकवणारे पुस्तोडे सर आणि सरपंचबाई यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. सरांचं म्हणणं, पोरगी गावानं घालवली. सरपंचबाईंचं म्हणणं, एवढी लांब कविता निवडली मास्तरनं. आता १५ ऑगस्टला झेंड्याखाली नमस्कार तेवढा होतो. “त्यानं केला तर,” सरपंचबाई म्हणाल्या.

मला आणखी एक गोष्ट विचारायची होती, ती म्हणजे घरात एखादी घंटी आहे का. ती विचारायला मला झोपायची वेळ आली. सरपंचबाईंनी कारण ऐकलं, हसल्या नाहीत, आणि सकाळी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून एक स्टीलचं ताट आणि पळी आणवायचं कबूल केलं. शाळेची स्वतःची घंटा होती, पण ती म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. ती वाजवायची तर मला दर स्पर्धकामागे पटांगण ओलांडून झाडाकडे पळावं लागलं असतं.

शाळेचं पटांगण

सकाळी धुकं होतं. शाळा बोडीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच आहे. पटांगणात मंडप, मंचावर हार घातलेली टेबलं, आणि नऊ वाजायच्या आत सगळं गाव येऊन बसलेलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पहिलीदुसरीची मुलं अगदी पुढे. आमच्याकडे अशा कार्यक्रमाला पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी रिकाम्या ठेवतात आणि त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतात. इथे पहिल्या रांगेसाठी भांडण झालं होतं.

स्पर्धकांना पटांगणापलीकडच्या एका वर्गात दार लावून बसवलं होतं. एकाचं ऐकून दुसऱ्यानं घाबरू नये म्हणून तसा नियम आहे.

पुरुषांच्या बाजूला कडेला एक लहान चणीचा, गोंडस चेहऱ्याचा माणूस दुपट्टा सावरत बसला होता. हे मृणालीचे वडील. धानाची शेती करतात आणि नाटकाच्या मोसमात एका मंडळात खलनायकाचं काम करतात, असं चौबे सरांनी सांगितलं. मला खरं वाटलं नाही. सर म्हणाले, मिशी चिकटवली की बघ. मग ओळख करून दिली तेव्हा लांजेवार भाऊ लाजून म्हणाले, “वीस वर्सं झाली मॅडम काम करून राहिलो. खलनायकाले कोन वन्स मोर देते? शिव्या देतेत. पोरीले भेटते, तेच आपलं.” आणि लगेच शपथ आठवल्यासारखं तोंडावर बोट ठेवलं.

स्पर्धा सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मी माझ्या टेबलावर ताट आणि पळी मांडत होते, तेव्हा पुस्तोडे सर आले. बारीक, चष्मा, खिशाला दोन पेनं. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “मॅडम, एक विचारतो. एकच कविता दोनदा म्हणायला नियमात बंदी आहे का?”

मी नियम आठवले. तशी बंदी नव्हती. वेळ दोन ते चार मिनिटं. चार मिनिटांपेक्षा जास्त झालं तरी बाद आणि दोनपेक्षा कमी झालं तरी बाद. वेळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत मोजायची.

“मग जमलं,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. गाव काही सुधारत नाही, हे त्यांनी वर्षभर विचार करून ओळखलं होतं. म्हणून या वर्षी त्यांनी मृणालीला स्वतः लिहिलेली कविता दिली होती, अगदी लहान. एकदा म्हटली तर दोन मिनिटंही भरत नाहीत. पण गाव वन्स मोर देणारच. ती पहिल्यापासून पुन्हा म्हणेल आणि दोन्ही मिळून चार मिनिटांच्या आत बरोबर बसेल. घरी घड्याळ लावून पाहिलं होतं. “पब्लिकले आपन बदलू नाई शकत मॅडम,” सर म्हणाले, “कविता बदलू शकतो.”

मी विचारलं, “पण गावाला हे सांगितलंय का?”

“वन्स मोर दे म्हनून सांगावं लागते का कोनाले?”

मी म्हटलं, “सर, पण सरपंचबाईंनी…”

सरपंचबाईंचं नाव ऐकताच त्यांनी चष्मा सारखा केला. “त्यांचं नका सांगू मले,” म्हणाले आणि स्पर्धकांच्या वर्गाकडे निघून गेले. त्याच वेळी माइकनं किंचाळी मारली, हेडमास्तरांनी माझं नाव घेतलं आणि वेळाधिकाऱ्यांनी आसनस्थ व्हावं असं जाहीर केलं. सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. मी आसनस्थ झाले.

पहिला स्पर्धक गोंदियाच्या एका मोठ्या शाळेतला. छातीवर हात, मग आभाळाकडे हात, मग जमिनीकडे हात, प्रत्येक ओळीला एक. कविता संपली. कोणी हललं नाही. टाळी नाही, खोकला नाही. त्या मुलानं नमस्कार केला, थोडा थांबला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि “सॉरी” म्हणून मंचावरून जवळजवळ पळाला. सरपंचबाई पहिल्या रांगेत समाधानानं बसल्या होत्या.

दुसऱ्या मुलीची कविता लांबत गेली. मी नियमाप्रमाणे ताटावर पळी मारली. तर पुढे बसलेली पहिलीदुसरीची सगळी मुलं उठली आणि शाळेमागे रांग लावायला निघाली. ताट वाजलं म्हणजे खिचडी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन शिक्षिकांनी त्यांना हातांना धरून परत आणलं. एक मुलगी मात्र रांगेत उभीच राहिली, ती शेवटपर्यंत.

मधल्या वेळेत मी सरपंचबाईंना खुणेनं बोलवायचा प्रयत्न केला. मला मंचावरून ओरडता येत नाही, मला जमिनीवरूनही ओरडता येत नाही. मी ओठांपाशी हात नेला आणि तो उघडून दाखवला, म्हणजे लोकांना बोलू द्या. सरपंचबाईंनी ठाम मान हलवली, उठल्या, पब्लिककडे वळल्या आणि तोंडावर बोट ठेवून डोळे वटारले. दोनशे माणसं आणखी शांत झाली. मी पुन्हा जोरात मान हलवली, नाही, नाही. त्यांना वाटलं, अजून कुठेतरी कुजबुज ऐकू येते आहे. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईचं सुपारी चघळणं थांबवलं. मी हात खाली घेतले.

मग हेडमास्तरांनी मृणाली लांजेवारचं नाव पुकारलं.

लोकांत एक हालचाल झाली, वारा आल्यासारखी, आणि थांबली. पुरुषांनी दुपट्टे तोंडाशी धरले. निळा गणवेश, घट्ट दोन वेण्या, अशी एक किडकिडीत मुलगी मंचावर आली. पब्लिककडे पाहून ती घरच्यासारखं हसली. मी घड्याळाचं बटण दाबलं.

तिनं हातवारे केले नाहीत. जवळच्या माणसाला एखादी बातमी सांगावी तशी ती बोलत होती.

“माह्या आज्यानं बोडी खांदली,
पानी मात्र त्यानं पाह्यलं नाई.
पाऊस आला तवा आजा नव्हता,
बोडीनं त्याले इसरलं नाई.”

इथे ती किंचित थांबली. वन्स मोर याच जागी येणार, हे तिला माहीत होतं. हे सगळ्यांनाच माहीत होतं. लांजेवार भाऊंचा हात तोंडावर गेला. दुसरा हात त्या हातावर गेला. आवाज आला नाही. मृणालीच्या कपाळावर एक बारीक आठी पडली आणि ती पुढे गेली. माझं मराठी ऐकण्याचं बळ तोकडं आहे, अर्धी कविता माझ्या डोक्यात मी इंग्रजीत फिरवून घेते. ही कविता फिरवायला मला सवडच मिळाली नाही. बोडी भरते, धान पिकतं, नातवंडं पाण्यात दगड मारतात, आणि शेवटी आजा येतो.

“बोडी भरली का आजा येते,
पान्याच्या काठी बसून राह्यते.”

संपली. घड्याळात दोन मिनिटं झाली नव्हती.

ती उभी राहिली. हात बाजूला, मान थोडी पुढे, वन्स मोर घ्यायला तयार. आणि समोर सगळं गाव श्वास कोंडून बसलेलं. मंडपाच्या कडेला पुस्तोडे सर उभे होते. त्यांनी आधी पब्लिककडे पाहिलं, मग कानात बोट घालून फिरवलं, मग पुन्हा पाहिलं. एका म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, बायकोनं त्याच्या मांडीला चिमटा काढला. सरपंचबाईंचे डोळे भरले होते, पण बोट तोंडावरच होतं.

मृणालीचं हसू हळूहळू उतरलं. तिला कळेना. हे लोक तिला पाळण्यात असल्यापासून ओळखत होते, आणि एकानंही काही म्हटलं नव्हतं. तिचे हात नमस्कारासाठी जुळायला निघाले. अजून वेळ भरली नव्हती. हात जुळले की मला बटण दाबावं लागणार होतं, आणि बटण दाबलं की ती बाद.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. कोणी माझ्याकडे पाहिलं की मी खाली पाहते, ही माझी लहानपणापासूनची सवय. मी खाली पाहिलं असतं तर तिनं समजून घेतलं असतं की झालं, संपलं. मी खाली पाहिलं नाही. काही खूण केली नाही, मान हलवली नाही, तसा मला अधिकारही नव्हता. नुसती तिच्याकडे पाहत राहिले. तिचे हात अर्ध्यावर थांबले. बोडीच्या बाजूनं एक बगळा ओरडला. ती मुलगी तशीच उभी राहिली, डोळे चमकत, ओठ घट्ट. माझ्या मनगटावर काटा दोन मिनिटांवर आला आणि त्याच्या पुढे गेला.

मग तिनं नमस्कार केला, मी बटण दाबलं आणि ती मागे न पाहता उतरून गेली.

चौबे सर माझ्याकडे झुकले. चष्मा काढून पुसत होते. “टाइम?”

“नियमात बसते,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण मंडपाच्या कडेला पुस्तोडे सर एकदम खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर सत्काराचे नारळ ठेवलेले होते.

“शेवटी ती जी थांबली ना,” चौबे सर मराठीत म्हणाले, “कितीतरी वेळ. काहीच बोलली नाही. मला तो म्हातारा काठावर बसलेला दिसला. ये किसने सिखाया होगा इसे?”

मी सांगू शकले असते. मी घंटीचंही अजून त्यांना सांगितलेलं नव्हतं.

निकाल लागला. मृणाली लांजेवार पहिली. परीक्षकांच्या वतीनं बोलताना सरांनी त्या मौनाचं इतकं कौतुक केलं की बाकीच्या शाळांचे शिक्षक लिहून घेऊ लागले. पुढच्या वर्षी जिल्ह्यातली सगळी मुलं कविता संपल्यावर गप्प उभी राहणार आहेत, हे मला तेव्हाच दिसलं. मृणाली ढाल घेऊन माइकपाशी उभी होती. ढाल तिनं कुणाची तरी धरायला दिल्यासारखी धरली होती. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

सरपंचबाई उठल्या, पब्लिककडे वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आता.”

मी असा आवाज कधी ऐकला नव्हता. सकाळपासून साठवलेला, गेल्या वर्षभराचाही असेल. वन्स मोर, वन्स मोर, म्हाताऱ्या, पोरं, टोप्या उडत होत्या, रांगेत उभी राहिलेली ती एक मुलगीसुद्धा ओरडत होती. मृणालीनं ते सगळं ओसरू दिलं. मग माइक खाली ओढला.

“तवा काऊन नाई म्हटलं?”

एकदम शांतता. या वेळी कोणी शपथ घातलेली नव्हती.

“मी वाट पाहून राहिली होती,” ती म्हणाली. “निव्वळ एकटी उभी होती मी तठी.”

सगळ्यांनी सरपंचबाईंकडे पाहिलं. सगळ्या गोष्टींना उत्तर असलेल्या सरपंचबाईंनी पदर सारखा केला आणि पुस्तोडे सरांकडे पाहिलं. पुस्तोडे सरांनीही त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत दिसत होतं, की उत्तर दुसऱ्यानं द्यावं.

उत्तर दिलं ते लांजेवार भाऊंनी. ते उठून उभे राहिले. नाटकात दहा गावांना दरडावणारा तो माणूस इतका हळू बोलला की मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं.

“तुह्यासाठीच चूप बसलो माय,” ते म्हणाले. “लय तरास झाला.”

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता बायका डोळे पुसू लागल्या. मृणालीनं ढाल माझ्या टेबलावर, ताटाच्या शेजारी ठेवली, मागे वळली आणि बापाकडे पाहत म्हणाली, “पुन्यांदा असं नोका करू.”

“नाई करत,” भाऊ म्हणाले. “म्हन आता.”

तिनं दोन्ही वेण्या मागे टाकल्या आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.